चार क्रेटमधलं माया शहर : कल्याण, नौपाडा, ठाकुर्ली, दिवा

मध्य अमेरिकेच्या जंगलात जायला लागणारे पैसे माझ्याकडे नाहीत आणि रजा तर त्याहून नाही. त्यामुळे मी तिथलं एक शहर मासळी बाजारात मिळणाऱ्या चार प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरलं आणि कल्याणहून निघाले. तीन दिवस, तीन शाळा. अंतर इतकं कमी की प्रवास म्हणायला लाज वाटावी. वेळ इतका गेला की दुसरा शब्द सुचत नाही.

मी लेझर सर्वेक्षणाच्या डेटावर काम करते. विमानातून किंवा ड्रोनमधून जमिनीवर लेझरचे किरण सोडतात. काही झाडांच्या शेंड्यावरून परततात, काही पानांमधून वाट काढत जमिनीपर्यंत जातात. झाडांचे बिंदू वगळले की उघडी जमीन दिसते. माझ्या ऑफिसात याचा उपयोग रस्ते आणि धरणांसाठी होतो. ग्वाटेमालाच्या जंगलात याच पद्धतीने माया लोकांची घरं, उंच बांधलेले रस्ते आणि तलाव दिसून आले. ते नकाशे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा दुपारचं जेवण विसरले होते. एवढंच कबूल करते.

मुलांना 'माया संस्कृती महान होती' हे सांगण्यात मला रस नव्हता. ते कशावरून कळलं, हे त्यांनी स्वतः करून पाहावं, एवढाच हेतू होता. म्हणून चार क्रेट, म्हणजे चार वास्तू. तळाशी चुन्याची जमीन, तिच्यावर कुठे राख, कुठे जळलेली मक्याची कणसं, खापरं, कडा घासून बोथट केलेली काळी काच (ज्वालामुखीच्या काचेऐवजी), हिरव्या दगडाचे मणी, आणि वर पडलेल्या भिंतीचे दगड. मुलांनी एकेक थर काढायचा, चौकटीच्या कागदावर नोंदवायचा आणि इथे काय चालत होतं, कोण राहत होतं ते लिहायचं.

साहित्याचा खर्च एका संस्थेने दिला. हा संच एकच आहे आणि ज्या शाळेचा निकाल सगळ्यात चांगला तिला तो कायमचा मिळणार, असं संस्थेने ठरवलं. निकाल म्हणजे गुण. गुण देणार संस्थेचे समन्वयक साने सर, वय सत्तरीच्या आसपास, हातात कायम क्लिपबोर्ड. मला ही पद्धत पटली नव्हती. तसं मी एकदा सांगितलं आणि गप्प बसले. ती पहिली चूक.

कारण या संचाची खरी गरज एकाच व्यक्तीला होती. दिव्याच्या शाळेतल्या कांबळे बाई शनिवारी सातवीचा एक तास 'पुराव्यावरून इतिहास' म्हणून घेतात. मुख्याध्यापकांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "साहित्य असेल तर तास ठेवतो, नाहीतर जानेवारीपासून तो स्कॉलरशिपच्या गणिताला." बाईंनी मला चार वेळा फोन केला. एकदाही विनंती केली नाही. दरवेळी फक्त विचारलं, "क्रेटची उंची किती? आमच्या कपाटात बसेल ना?"

पहिला दिवस : नौपाडा

वाहन म्हणजे भोईर काकांचा छोटा टेम्पो. दिवसाचे अठराशे, डिझेलसह. तुम्हाला असं काही न्यायचं असेल तर रिक्षाचा विचारही करू नका. ओल्या वाळूचा एक क्रेट अठरा किलो भरतो. केबिनमध्ये काका, दाराशी साने सर, आणि मध्ये मी, गिअरच्या दांड्याला गुडघा लावून.

काकांचं अर्धं आयुष्य खाडीतली रेती वाहण्यात गेलंय. त्यांनी मागे डोकावून पाहिलं.

"काय गो पोरी, शाळंन रेती कनाला नेतंस?"

"मुलं उकरणार आहेत."

"आनि मंग?"

"मग मी परत भरणार."

काकांनी साने सरांकडे पाहिलं. सरांनी क्लिपबोर्डकडे पाहिलं.

सहा वाजता निघालो. दुर्गाडीचा पूल, कोन, रांजणोली, इथपर्यंत उत्तम. सातच्या आत ठाण्यातलं माजिवडा गाठायचं हा माझा हिशोब होता. पुढच्या नाक्यावर हवालदाराने हात केला.

"रेती कुठून आणली? रॉयल्टीची पावती?"

"अहो साहेब, शैक्षणिक साहित्य आहे," साने सर म्हणाले.

हवालदाराने क्रेटमध्ये बोट घातलं. "यात खापरं का टाकलीत?"

"ती हजारेक वर्षांपूर्वीची समजायची आहेत," मी म्हणाले.

"समजायची म्हणजे? आहेत की नाहीत?"

प्रश्न अचूक होता, त्यामुळे चिडताही आलं नाही. पंचवीस मिनिटं गेली. शेवटी दुकानाचं बिल दाखवलं, त्यावर 'रेती, दोन गोणी' असं लिहिलेलं होतं. त्याने आम्हाला सोडलं, पण मागून ओरडला, "पोरांना सांगा, खाडीची नाय ती!"

नौपाड्यात टेम्पो लावायला जागा नसते, हे गृहीत धरा. चार क्रेट दोन गल्ल्या हातात धरून नेले. कोपऱ्यावरची मिसळ मात्र चांगली होती, नव्वद रुपये, पाव वेगळे नाहीत. दिवसातली एवढीच गोष्ट ठरल्याप्रमाणे झाली.

वर्गात चाळीस मुलं हाताची घडी घालून बसलेली. मी नमस्कार केला. पहिल्या क्रेटचं झाकण उचलायच्या आधीच मुख्याध्यापिकांनी मान हलवली आणि मुलं एका सुरात सुरू झाली.

"क्रेट क्रमांक एक, स्वयंपाकघर. पुरावा, चूल व राख. क्रेट क्रमांक दोन, धान्याचं कोठार. पुरावा, मक्याची कणसं. क्रेट क्रमांक तीन, राजघराण्याचं घर. पुरावा, हिरव्या दगडाचे मणी..."

मी तिन्ही शाळांना शिक्षकांसाठी सूचनापुस्तिका ईमेल केली होती. उत्तरतालिका शेवटच्या पानावर होती. ती दुसरी चूक. आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की शाळा तयारी करून घेते, हे मी स्वतः अशाच शाळेत शिकूनही विसरले होते.

"छान पाठ केलंय हं!" साने सर म्हणाले. आणि हे ते मनापासून म्हणाले.

"आता खणून बघू या," मी म्हणाले.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "मॅडम, नाही खणलं तर चालेल का? उत्तर तर आलंय. युनिफॉर्म पण खराब होईल."

खणलं शेवटी. ओळीने, प्रत्येकी एक चमचा. राख निघाली की "चूल!", मणी निघाला की "राजा!" चौकटीच्या कागदावर कोणी काही लिहिलं नाही, कारण लिहायला काही उरलंच नव्हतं. एका मुलाने माया लोक गायब झाले, असं सांगितलं. मी म्हटलं, शहरं ओस पडली, लोक संपले नाहीत. त्यांच्या भाषा आजही लाखो लोक बोलतात. तो गोंधळला. ते पुस्तिकेत होतं, पण पाचव्या पानावर. पाचवं पान पाठ करून घेतलं नव्हतं.

चारपैकी चार. साने सरांनी टेम्पोत बसायच्या आधीच वर्गाचा फोटो संस्थेच्या ग्रुपवर टाकला आणि खाली अभिनंदन लिहिलं. अजून दोन शाळा बाकी होत्या.

दुसरा दिवस : ठाकुर्ली

परत येताना पहिल्याच संध्याकाळी क्रेट पुन्हा रचून ठाकुर्लीच्या शाळेत ठेवले होते. काकांना टेम्पो भाजीला हवा होता. क्रेट शाळेत सुरक्षित राहतील, असं मी म्हणाले. तिसरी चूक. यापुढे मोजत नाही.

सकाळी पत्री पूल ओलांडून नव्वद फुटी रस्त्याने गेलो. अंतर पाच किलोमीटर, वेळ पन्नास मिनिटं, कारण रस्ता खणलेला होता. "ह्यांना द्या तुमचे क्रेट, काय खनतात!" काका म्हणाले.

शाळेच्या व्हरांड्यात वर्तमानपत्रं अंथरलेली. त्यावर माझी खापरं, धुऊन, पुसून, लहान ते मोठं अशा क्रमाने मांडलेली. काळी काच चकचकीत. मणी एका वाटीत. वाळू पिठाच्या चाळणीने चाळून एका घमेल्यात, दगड दुसऱ्या घमेल्यात. क्रेट पालथे घालून वाळत ठेवलेले. शेजारी शाळेच्या मावशी पदर खोचून उभ्या.

"या मॅडम. काय हो घाण भरलेली त्यात! पाहुणे यायचे आणि पेट्यांत माती. साबणाने घासली सगळी. वास पण गेला बघा मासळीचा."

"राख होती," मी म्हणाले. "जळलेली कणसं होती."

"ती टाकली की झाडांना. चांगली असते."

मावशी सकाळी सहाला येऊन, पाणी यायच्या वेळेत, आमच्यासाठी दीड तास राबल्या होत्या. त्यांच्यावर ओरडायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं आणि ओरडण्याची इच्छा मात्र पुरेशी होती. साने सरांनी फॉर्मवर 'रद्द' लिहिलं आणि खुर्ची घेऊन पेपर उघडला.

मुलं मात्र येऊन बसली होती. पासष्ट. मी त्यांना व्हरांड्यात आणलं आणि विचारलं, "या वस्तूंवरून आता काय काय सांगता येणार नाही?"

मग एकाने विचारलं, "मावशी, राख कुठल्या पेटीत होती?"

"मला काय माहीत? सगळी सारखीच घाण."

"आणि मणी? वर होते का खाली?"

"अरे, मी काय मोजत बसले होते का? शाळा भरायची होती!"

मी सांगितलं, माया शहरांत चोरांनी इमारतींत बोगदे खणले, रंगवलेली भांडी उचलली, विकली. भांडं आज कुणाच्या तरी कपाटात सुंदर दिसतं. ते कुणाच्या थडग्यात होतं, शेजारी काय होतं, हे कधीच कळणार नाही. वस्तू उरते, जागा जाते.

"म्हणजे मावशी चोर?"

"ए, कोणाला चोर म्हणतो रे! एक खापर कमी आहे का बघ! मोज!"

मोजली. खरंच एकही कमी नव्हतं. त्या दिवशी मुलं बरंच शिकली, असं माझं मत आहे. फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही.

डोंबिवलीत पोळीभाजी केंद्रावरून तीन पोळ्या आणि फ्लॉवरची भाजी घेतली, सत्तर रुपये. दुपारी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये बसून चारही क्रेट नव्याने भरले. कणसं गॅसवर जाळली. सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा येऊन विचारून गेले की हे बांधकाम कशाचं चाललंय. मदत केली ती भोईर काकांनी. हातात वाळू घेऊन ते न विचारता थर घालत होते, खाली जाड, वर बारीक, प्रत्येक थर तळव्याने दाबून. माझ्यापेक्षा चांगले.

तिसरा दिवस : दिवा

शिळफाट्याने दिव्याला जाणार असाल तर साडेसहाच्या आत फाटा ओलांडा. आम्ही सव्वासातला पोचलो. मग ट्रेलर, मग बंद पडलेला डंपर, मग दिव्याचं रेल्वेफाटक. फाटकात चाळीस मिनिटं. साने सर म्हणाले की ते आयुष्यात प्रथमच दिव्याला येत आहेत. चार स्टेशनांवर कल्याणला राहतात ते.

कांबळे बाई दारात उभ्या होत्या. पन्नाशीच्या, कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. "उशीर झाला," त्या म्हणाल्या. "तास पस्तीस मिनिटांचाच उरलाय. चला."

या शाळेचा प्रिंटर दोन महिने बंद होता. पुस्तिका छापून कोणाच्या हाती पडलीच नव्हती. एवढ्या तीन दिवसांत बिघाडाचा फायदा झाला तो एकदाच.

आधी मी लेझरच्या नकाशाचा मोठा कागद फळ्यावर लावला. जंगल काढून टाकल्यावर दिसणारं शहर. दुसऱ्या मिनिटाला प्रश्न आला, "मॅडम, नदी कुठंय?"

"या शहराला नदी नाही."

"मग पाणी?"

"तुम्ही सांगा."

सातवीच्या वर्गाने नकाशाभोवती गर्दी केली. पाच मिनिटांत त्यांनी चौकांचा उतार आणि खालचे खड्डे जोडून दाखवले. माझ्या एका सहकाऱ्याला हेच समजावून सांगायला मला अर्धा तास लागला होता. "पावसाचं साठवायचे," एक जण म्हणाला. "टँकर नव्हते ना." दुसरा म्हणाला, "वरच्या मजल्यावाल्यांना जास्त मिळत असेल." हशा पिकला. मी नोंद केली की हा मुद्दा चुकीचा नाही.

मग क्रेट. इथे मुलं भराभर खणत नव्हती, बाई खणू देत नव्हत्या. "आधी लिही. मग उचल." पहिला, दुसरा आणि चौथा क्रेट बरोबर आला. साने सर बरोबरच्या खुणा करत गेले. तिसरा निकिता नावाच्या मुलीच्या गटाकडे होता. त्यांनी सगळे मणी कागदावर मांडले होते, आणि नुसते मांडले नव्हते, दोन ढीग केले होते.

"काय लिहिलं?" सरांनी विचारलं.

"मणी बनवणाऱ्याचं घर."

"बनवणाऱ्याचं? नीट विचार कर. हिरवा दगड फार मौल्यवान होता. असे दागिने कोण घालणार?"

"घालणारा वेगळा, सर." तिने एक मणी उचलून त्यांच्यासमोर धरला. "ह्याला भोक अर्धंच पडलंय. ह्याला दोन बाजूंनी पाडलं, ते जुळलं नाही. हे सगळे फुटके. आणि हा चुरा. आमच्या घरी आई आणि काकी इमिटेशनच्या माळा ओवतात. फुटके मणी आमच्या लादीच्या फटीत असतात, कितीही झाडा. सेठकडे पक्का माल जातो. ज्याच्या गळ्यात माळ, त्याच्या घरी चुरा कशाला असेल?"

"मग राजाचं घर कुठलं?" मागून कोणीतरी विचारलं.

"ह्या पेटीत नाय," निकिता म्हणाली.

मी वाकून ढीग पाहिले. ते मणी मीच घेतले होते, कल्याणच्या बाजारात, किलोवर. दुकानदाराने चांगले दाखवले तेव्हा मी म्हटलं होतं, वाया गेलेले द्या, स्वस्त पडतील, जुनं म्हणजे तुटकंच असतं. अर्धवट भोकांचे, फुटलेले, तळाशी चुरा. मी स्वतःच्या हाताने कारागिराचं घर भरलं होतं आणि उत्तरतालिकेत राजा लिहिला होता. उत्खननात कार्यशाळा अशीच ओळखतात, वाया गेलेल्या मालावरून. हे मला माहीत होतं. वाचलेलं होतं.

"उत्तरतालिकेत राजघराणं आहे," साने सर म्हणाले. "चारपैकी तीन. म्हणजे नौपाडा पहिला. छान प्रयत्न, मुलांनो."

कांबळे बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. एवढंच केलं त्यांनी. मग त्या डस्टर घेऊन फळा पुसायला वळल्या.

"सर, उत्तरतालिका चुकली आहे," मी म्हणाले.

"तुम्हीच केलीत ना ती?"

"म्हणून मीच सांगतेय. या क्रेटमध्ये राजघराण्याचा एकही पुरावा नाही. नौपाड्याचा गुण कापावा लागेल."

"मॅडम, मी परवा ग्रुपवर टाकलंय. अध्यक्षांनी अंगठा दिलाय. आता कशाला?"

"अंगठा पुरावा नाही."

सर मला बाहेर घेऊन आले. मागोमाग बाईही आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, दया म्हणून करत असाल तर नको. मुलांना कळतं ते."

"दया नाही. मोजमापाची चूक आहे. चूक ज्याची त्याने दुरुस्त करायची."

"मग करा," बाई म्हणाल्या.

साने सरांनी संस्थेला फोन लावला. संस्थेला हे लेखी हवं होतं. मी टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं: क्रेट क्रमांक तीनची उत्तरतालिका चुकीची आहे, क्रेटमधले मणी अर्धवट घडवलेले आणि वाया गेलेले असून ते कारागिराचं घर सुचवतात, चूक माझी आहे. सही, तारीख. काकांनी खांद्यावरून वाचलं.

"सोताची चूक लिवून दिली?" ते म्हणाले. "मोठी शिकलेली हाय गो तू."

कौतुक होतं की नाही, मी विचारलं नाही. चारही क्रेट निर्णय होईपर्यंत दिव्यात ठेवले. कपाटात बसले.

घरी

निर्णयाला अकरा दिवस लागले. मधल्या काळात नौपाड्याच्या मुख्याध्यापिकांचं पत्र आलं की मुलांनी दिलेलं उत्तर छापील तालिकेप्रमाणेच होतं, सबब गुण कापणे अन्यायकारक आहे. त्यांचंही चूक नव्हतं. संस्थेने सगळ्यांना खूश करणारा तोडगा काढला: क्रेट एक आणि दोन नौपाड्याला, तीन आणि चार दिव्याला. एक शहर, दोन महानगरपालिकांचं असल्यासारखं, मधून चिरलं. बरं, दोन्ही शाळा एकाच महानगरपालिकेत आहेत. मी मेल तीनदा वाचला आणि बंद केला.

प्रवासाचा एकूण खर्च, टेम्पो आणि खाणं धरून, सहा हजारांच्या आत. हीच फेरी करायची असेल तर क्रेट रोज घरी आणा, उत्तरं आधी पाठवू नका आणि शिळफाट्यावर विश्वास ठेवू नका. जंगलात जाऊन मला काय मिळालं असतं ते सांगता येणार नाही. दिव्यात मिळालं ते असं, की मी भरलेल्या क्रेटमध्ये काय होतं ते मला सातवीतल्या मुलीने सांगितलं. ते मी अजून पचवते आहे.

रविवारभर बसून मी नवी उत्तरतालिका केली. चारही क्रेट, प्रत्येक वस्तूचा क्रमांक, संभाव्य अर्थ, खात्रीचं प्रमाण. नऊ पानं. संध्याकाळी कांबळे बाईंना पाठवायला घेतली, तेवढ्यात त्यांचाच फोन आला.

"मुख्याध्यापक म्हणाले, दोन क्रेट म्हणजे साहित्यच झालं. शनिवारचा तास टिकला."

"बरं झालं."

"एक काम होतं. तुम्ही नवी उत्तरं करताय असं साने सर म्हणाले."

"झाली आहेत. आत्ता पाठवतेच."

"नका पाठवू," बाई म्हणाल्या. "मी वाचली तर मी तिकडेच नेईन मुलांना. माझा स्वभाव आहे तो. मुलं काय सांगतात ते दर शनिवारी तुम्हाला कळवते, चुकलं वाटलं तर तुम्ही पुरावा विचारा. चालेल?"

फाइल जोडलेली होती. नऊ पानं, एक अख्खा रविवार.

"चालेल," मी म्हणाले, आणि ती काढून टाकली.